समोरची टेकडी

९ जानेवारी

आले एकदाची. सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी, पुस्तकांचं खोकं आणि वाटेत दादाने हट्टाने घेऊन दिलेला टेबलफॅन. दादा स्वतः गाडी घेऊन स्टेशनवर आला होता आणि रस्ताभर माझी चेष्टा करत होता. इतिहासाची एवढी पुस्तकं पालथी घातलीस आणि शेवटी आलीस कुठे, तर गवत राखायला, म्हणे. मी म्हटलं, मग तू इतकी वर्षं इथे काय करतोयस? तर म्हणाला, मी गवत राखतो हे निदान मान्य तरी करतो.

दादा या रणभूमीच्या उत्तर टेकडीचा व्यवस्थापक आहे. मुख्य फाटक, गाड्या लावायची जागा, उपाहारगृह, स्वच्छतागृहं, सगळी वर्दळ त्याच्याकडे. समोरची दक्षिण टेकडी इतकी वर्षं बंदच होती. ती आता लोकांसाठी उघडायची ठरली आणि येणाऱ्यांना लढाई समजावून सांगायला माझी नेमणूक झाली. आईबाबांच्या माघारी ज्याने मला लहानाचं मोठं केलं, त्याच्या हाकेच्या अंतरावर नोकरी. आज खरंच खूप बरं वाटतंय.

जागा कशी आहे ते लिहून ठेवते, म्हणजे पुढे घोळ नको. दोन बुटक्या टेकड्या समोरासमोर, मध्ये बशीसारखं खोलगट मैदान. मैदानाच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जुन्या झाडांचा दाट पट्टा. त्यामुळे एका टेकडीवरून दुसरी दिसत नाही. माझ्या टेकडीच्या कडेने दगडांचा बसका बांध आहे, सैनिकांनी आडोशाला रचलेला. बांधाच्या मागे माझं कार्यालय. पुढची खोली तिकीट खिडकीची, मागच्या दोन माझ्या राहायच्या. निजायच्या खोलीची खिडकी मैदानाकडे उघडते, झाडांवरचे पक्षी दिसतात.

संध्याकाळी झाडांमधल्या पायवाटेने दादाकडे जेवायला गेले. वहिनीने माझ्या आवडीचं सगळं केलं होतं. रोज इथेच जेवायचं, वेगळी चूल मांडलीस तर याद राख, अशी तंबीही दिली. परतताना दादा झाडांपर्यंत पोचवायला आला. मी काही लहान नाही म्हटलं, तरी आलाच.

२० जानेवारी

टेकडी सुरू झाली. मी घोकून घोकून तयार केलेलं भाषण कुणालाही नको आहे, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. लोक गाडीतून उतरतात, बांधाजवळच्या जुन्या तोफेवर चढतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, बाथरूम कुठे आहे? बाथरूम समोरच्या टेकडीवर आहे. मग ते माझ्याकडे असं बघतात की जणू लढाई मीच हरले.

मी सांगते ती लढाई अशी. दोन सैन्यं या दोन टेकड्यांवर समोरासमोर तळ देऊन बसली होती. दोन्ही सेनापती मागे गावातल्या एका घरात तहाची बोलणी करत होते आणि तह जवळजवळ झालाही होता. तेवढ्यात, कुणीही हुकूम दिलेला नसताना, दोन्हीकडचे सैनिक टेकड्या उतरून एकमेकांवर धावून गेले. दिवस मावळेपर्यंत मैदानात उभं असं फारसं कुणी उरलं नाही. आधी कोण उतरलं, कशासाठी उतरलं, हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. एवढी विलक्षण गोष्ट मी घसा फोडून सांगते आणि शेवटी कुणीतरी विचारतंच, मग जिंकलं कोण? कुणीच नाही म्हटलं की तिकीट फुकट गेल्यासारखी तोंडं करतात.

त्यात ते बांधातले दगड. जो येतो तो आठवण म्हणून एखादा खिशात घालतो. बांध जागोजाग ढासळलाय. ‘दगड नेऊ नयेत’ अशी पाटी लावली, तर कुणीतरी पाटीच नेली.

माझ्या जोडीला इथे तिकीटबाई आहेत. गोल चेहरा, सदा हसतमुख, खिडकीत बसून अखंड विणकाम. त्या म्हणाल्या, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माणसं मोकळी हवा खायला येतात, तुम्ही त्यांना मेलेली माणसं कशाला दाखवता? दादाच्या टेकडीवरचा मार्गदर्शक, ज्याला सगळे पोपट म्हणतात, तो तेच तेच भाषण कर्ण्यावरून म्हणतो आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजतात. त्या मला झाडांपलीकडून ऐकू येतात.

२ फेब्रुवारी

आज दादाशी वाजलं. म्हणजे वाजलं आणि मिटलंही.

लोकांची एक तक्रार मात्र खरी आहे. इथे उभं राहून काहीच दिसत नाही. दोन सैन्यं समोरासमोर होती म्हणून मी सांगते आणि समोर दिसतात ती झाडं. ही झाडं लढाईच्या वेळी नव्हतीच. दोन्हीकडचे जे थोडे वाचले त्यांनी नंतर मिळून ती लावली, मेलेल्यांच्या स्मरणार्थ, असं पाटीवर लिहिलंय. झाडं काढून मैदान सैनिकांनी पाहिलं तसं मोकळं करावं, असा तज्ज्ञांचा प्रस्ताव मुख्य कार्यालयात कधीपासून धूळ खात पडलाय. मी तो शोधून काढला, साहेबांच्या मागे लागले. साहेब तयार झाले, पण दोन्ही टेकड्यांची सही हवी.

दादा सही करेना. जेवताना म्हणाला, ती आपोआप उगवलेली नाहीत. तसल्या दिवसातून जिवंत सुटलेली माणसं घरी जायचं सोडून इथे झाडं लावत बसली, तर त्यांना काहीतरी वाटलं असेल ना. मी म्हटलं, वाटलं असेल तर त्याची पाटी लावू, मोठी लावू. आपलं काम जे घडलं ते दाखवायचं आहे, झाकायचं नाही. तो म्हणाला, पक्षी कुठे जातील? मी म्हटलं, तू विषयाला फाटे फोडू नकोस. शेवटी वहिनी मध्ये पडली. एवढी जीव तोडून सांगतेय तर कर की सही, म्हणाली. दादाने माझ्याकडे बघितलं आणि लहानपणी शेवटचा घास मला द्यायचा तशा चेहऱ्याने सही केली.

मला फार आनंद झालाय. आता बघते कोण तोफेवर चढतं ते.

२४ फेब्रुवारी

झाडं गेली. खोडं वाहून न्यायला बरेच दिवस लागले, पण आज मैदान मोकळं झालं आणि साहेबांनी येऊन फीत कापली. मूळ दृश्य, मूळ दृश्य असं त्यांनी भाषणात इतकं म्हटलं की पोपटालाही लाज वाटावी.

पण दृश्य खरंच तसं आहे. बांधाशी उभं राहिलं की समोरची टेकडी हात लांबवून शिवता येईल इतकी जवळ वाटते. झाडांमधून चालत जाताना ती लांब वाटायची. तिच्या कडेला उभी असलेली माणसं स्पष्ट दिसतात, चेहरे नाही, पण चेहरे आपल्याकडे आहेत हे कळतं. दादा दिसला. मी ओढणी हलवली, त्याने टॉवेल हलवला. तिकीटबाई म्हणाल्या, अगं बाई, आपण किती उघड्यावर आहोत.

१ मार्च

चक्क यश. तोफेवर कुणी चढत नाही. बाथरूम कुणी विचारत नाही. लोक गाडीतून उतरतात ते थेट बांधाशी जाऊन उभे राहतात आणि गप्प समोर बघतात. मी बोलते तेव्हा मध्ये कुणी फोन काढत नाही. जिंकलं कोण हा प्रश्न या आठवड्यात एकदाही आला नाही. दादाला फोन करून सांगितलं, बघ, मी म्हणत होते ना. तो म्हणाला, इथेही तसंच आहे, उपाहारगृह ओस पडलंय. त्याच्या आवाजात कौतुक नव्हतं, हे जरा खटकलं.

आज एका गृहस्थांनी मला वेगळंच विचारलं. ते लोक आपल्याकडे असे काय बघतायत? मी म्हटलं, तेही पर्यटकच आहेत, आपण बघतो तसे ते बघतात. त्यांना ते पटलं नाही.

६ मार्च

समोरच्यांचं वागणं डोक्यात जायला लागलंय. पोपटाने कर्णा आमच्या दिशेला वळवलाय, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आमच्या टाकीला पाणी कमी येतं, कारण वरचा नळ त्यांच्या ताब्यात. चांगले, ऐकणारे पर्यटक ते स्वतःकडे ठेवतात आणि उरलेसुरले इकडे धाडतात. दादाला फोन केला तर उलट तोच म्हणाला, तुझ्याकडची माणसं आमच्याकडे बोटं दाखवून हसतात. कोण हसतं? इथे कुणाला हसायला सवड आहे?

जेवायला गेले नाही. मोकळ्या मैदानातून सगळ्यांच्या नजरेखालून चालत जायचं नको वाटलं. वहिनीचा फोन आला, तो घेतला नाही.

तिकीटबाईंनी खुर्ची खिडकीतून उचलून बांधाशी नेलीय. विणकाम मांडीवर, नजर समोर. तिकिटं कोण देणार विचारलं तर म्हणाल्या, कुणीतरी लक्ष ठेवायला नको का, मॅडम?

११ मार्च

आता हे कुणाला सांगू आणि कसं सांगू. लोक दगड परत आणतायत.

सुरुवातीला मला वाटलं, पाटीचा परिणाम. मग बघितलं तर नुसते इथून नेलेलेच नाहीत, कुठकुठले दगड आणून बांधावर रचतायत. नवरा, बायको, आजोबा, सगळं कुटुंब रांगेने हातोहात दगड देतं. बांध कमरेपर्यंत आलाय. जुन्या बांधकामात अशी भर घालणं आमच्या नियमात अजिबात बसत नाही. मी ओरडून ओरडून सांगितलं, तोंडाची वाफ दवडली फक्त. त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितलं, तेही अगदी सभ्यपणे.

तीच तीच माणसं रोज येतात. काहींनी सुट्टी वाढवून घेतलीय. आलेले पाहुणे घरच्यांना घेऊन येतात.

दुपारी हात धुताना पाणी राखाडी झालं. नखं तुटली आहेत, तळव्याला खरचटलंय. मी बांधाला हात लावल्याचं मला आठवत नाही.

१५ मार्च

पोपट चार माणसं घेऊन मैदानात उतरला. सैनिक चालले त्या वाटेने चालू या, असला त्याचा नवा कार्यक्रम. आमच्या बांधावरून दगड गेला आणि त्याचं कपाळ फुटलं. बाकीच्यांनी त्याला उचलून पलीकडे नेलं.

दगड मारणारे एक निवृत्त मास्तर, टोपी घातलेले, दोन नातवंडांना घेऊन आलेले. त्यांनी हात झटकले आणि नातवाच्या बुटाची नाडी बांधायला खाली बसले. मी जाब विचारला तर म्हणाले, तो खाली आला होता, तुम्ही बघितलं ना?

मी बघितलं होतं. आणि खरं लिहायचं तर दगड लागला तेव्हा मला बरं वाटलं. नेम चांगला आहे, असं मनात आलं. पोपट मला आवडत नाही हे ठीक, पण तो माणूस आहे. त्याच्या लग्नाचा अल्बम मी बघितलाय. मला माझी भीती वाटली.

दादाला फोन केला, पोलिसांत तक्रार करा म्हटलं. तो शांतपणे म्हणाला की त्यांच्याकडच्या लोकांना तक्रार करायची नाही. आमचं आम्ही बघून घेऊ, म्हणाला. मी विचारलं, आमचं म्हणजे कुणाचं, दादा? त्याने फोन ठेवला.

१९ मार्च

शहरात आहे. साहेबांनी बैठकीला बोलावलं होतं. गाडी टेकडीच्या मागे उतरली, समोरचं दिसेनासं झालं आणि थोड्याच वेळात डोक्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. मला एकदम दादाची आठवण आली. इतकी की गाडीत शेजारी बसलेल्या बाईंनी पाणी दिलं. इतके दिवस मी त्याच्याबद्दल काय काय मनात आणत होते.

मग सगळं कळलं. पाण्याचा नळ नाही, कर्णा नाही. नुसतं बघणं आहे. त्या दोन टेकड्यांनी एकमेकींना बघायचं नाही. तेव्हाही सैनिक बसून बसून समोर बघत होते, दुसरं काही कामच नव्हतं, आणि तेवढं पुरलं. जे वाचले त्यांना हे समजलं म्हणून त्यांनी मध्ये झाडं लावली. स्मरणार्थ वगैरे आपण नंतर लिहिलं. आणि मी ती तोडायला लावली.

साहेबांना सांगितलं. जमेल तेवढं शहाण्यासारखं सांगितलं. मध्ये पडदा उभारा, पत्रे लावा, वाट्टेल ते करा, तोवर दोन्ही टेकड्या बंद ठेवा. साहेबांनी चहा मागवला. मग त्यांनी मला गर्दीचा आलेख दाखवला, नव्या माहितीपत्रकावरचा मोकळ्या मैदानाचा फोटो दाखवला. लोकांची एकही तक्रार नाही म्हणाले. कपाळ फुटल्याचं सांगितलं तर म्हणाले, वर्दळीच्या जागी असं होतं, जाळी बसवू. नवीन माणसाला सुरुवातीला ताण येतो, असंही म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण काय करते. भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काही होत नाही.

बाहेर येऊन दादाला फोन केला. देवासारखा तो त्या वेळी सामान आणायला गावात गेला होता, टेकडीच्या पाठीमागे. आवाज पूर्वीसारखा. मी बोलायच्या आधीच म्हणाला, बाळा, ती झाडं. त्यालाही कळलं होतं. वहिनी दिवसभर खिडकीत बसून असते, स्वयंपाक करत नाही, त्याला ओळखल्यासारखं करत नाही. पोपटाने माणसं जमवली आहेत.

मी म्हटलं, आपण दोघं इथेच राहू, परत नको जायला. तो म्हणाला, तुझ्या वहिनीला कशी सोडू? आणि मलाही आठवलं, माझ्या टेकडीवर तिकीटबाई आहेत, ती लहान मुलं आहेत. हिरवी जाळी मिळते ना, रोपांवर घालतात ती, ती दोघांनी आपापल्या बाजूला बांधायची असं ठरलं. नाहीच जमलं तर परवा सकाळी तो बाहेरच्या रस्त्याने गाडी घेऊन येईल आणि मला घेऊन जाईल. ठेवताना म्हणाला, माझ्याबद्दल काहीबाही मनात आलं तर समज, ते तुझं नाही.

२० मार्च

जाळीचे गठ्ठे घेऊन आले. मान खाली घालून बांबू रोवले, बांधाच्या लांबीचा निम्मा भाग झाकला. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. पाणी प्यायला आत गेले आणि परत आले तर तिकीटबाई लोकरीच्या कात्रीने जाळी कापत होत्या. सरळ, नीट, वरपासून खालपर्यंत. म्हणाल्या, मॅडम, आडोसा केला तर त्यांचं काय चाललंय ते आपल्याला कसं कळणार? आवाज इतका समजूतदार. बाकीच्यांनी बांबू उपसून घेतले. त्यांची टोकं तासायला लागलेत.

त्या गडबडीत मी वर बघितलं. क्षणभरच. समोरही जाळी नव्हती. दादाने बांधलीच नाही, असं मनात आलं. शब्द दिला होता त्याने. आम्हाला आंधळं करायचं आणि स्वतः —

नाही. हे माझं नाही. लिहून ठेवते. हे माझं नाही.

निजायच्या खोलीची खिडकी बंद केली, कपाट ओढून तिला लावलं. आता आतच बसायचं. उद्या सकाळी दादा गाडी घेऊन येईल.

२१ मार्च, सकाळी

दादाचा निरोप आला मोबाइलवर. गाडी काढू देत नाहीत. चाकं फोडली. रस्त्यावर माणसं बसवलीत. मी मैदानातून चालत येतो. तू खिडकी उघडू नकोस. मी दाराशी येऊन हाक मारेन तेव्हाच बाहेर ये.

मैदानातून नको. मैदानातून नको म्हणून लिहिलं, ते पोचलं नाही. फोन लागत नाही.

साहेबांना फोन लावला. बैठकीत आहेत म्हणे. पोलिसांना लावला. रणभूमीवर लढाई होणार आहे असं सांगितल्यावर पलीकडचा हसला. कार्यक्रमाची परवानगी घेतलीत का, विचारलं. कुणाला काही सांगायची सोयच नाही —

बाहेर गलका. खूप माणसं. आज सुट्टी आहे, सगळे आलेत.

मघाशी कपाटाच्या फटीतून — नाही बघितलं. हात लावला होता फक्त.

नंतर

ओरडतायत. उतरला, उतरला, एक उतरला.

एक म्हणजे दादा. दगड उचलल्याचे आवाज येतायत. मास्तरांचा आवाज, थांबा, टप्प्यात येऊ दे.

इथे बसून कसं चालेल. त्याने सांगितलंय बाहेर येऊ नकोस, पण मारतील त्याला. बाहेर जाऊन अडवते. वर बघायचं नाही. वही हातात धरून लिहीत जाते, लिहीत राहिलं की मान खाली राहील. दार उघडलं. पायरी. गवत. माझे पाय दिसतायत, बरं आहे. लोकांचे बूट. सरका. सरका जरा. तो माझा भाऊ आहे, मारू नका, माझा सख्खा भाऊ आहे — ओरडतेय मी — कुणी मान वळवत नाही. तिकीटबाईंची चप्पल. त्यांचा हात धरला. बाई, दादा आहे हो माझा. त्या म्हणाल्या, कोण?

कुठवर आलाय कळत नाही. टप्प्यात आला का. मला कळलं तर मी त्याच्या पुढे जाऊन उभी राहीन — कुठून धावायचं तेच — बघितल्याशिवाय कसं — एकदाच बघते, डोळे बारीक करून, एकदाच —

बघितलं.

एकटाच आहे. हात वर केलेत. हातात काही नाही असं दाखवतोय. आम्हाला काय खुळे समजतात. मागे त्यांची सगळी रांग उभी, बांबू घेऊन. एकाला पुढे धाडायचं, आपण गाफील राहिलो की —

तिकीटबाईंनी सरकून मला जागा दिली. इथून नीट दिसतं. बऱ्या आहेत बाई. वही बांधावर ठेवलीय, डाव्या हातात दगड, उजव्याने लिहितेय. मास्तर म्हणतात, अजून थोडा.

अजून थोडा.

जवळ आलाय. रडतोय की काय. थांबला. माझ्याकडेच बघतोय, इतक्या सगळ्यांत माझ्याकडेच. माझं नाव घेऊन हाका मारतोय, घरातलं माणूस मारतं तसं. त्यांच्यातल्या माणसाला माझं नाव कुणी —